चिखलणी माझी मीच केली

आमच्या गावात बाईनं नांगराला हात लावू नये. लावला तर पाऊस पळून जातो म्हणे. हे मला सासरी आल्यावर पहिल्याच हप्त्यात कळलं. गोठा झाडत होते. भिंतीला सासऱ्यांच्या वेळचा लाकडी नांगर टेकवून ठेवलेला. तो जरा सरकवून मागचा कचरा काढावा म्हणून हात पुढं केला, तर सासूबाई अशा किंचाळल्या की माझ्या हातातला खराटाच गळून पडला. "अवं, राहू दे! त्याले बाईचा हात नाई लागत!" मी म्हटलं, "काऊन?" त्या म्हणाल्या, "नाई लागत म्हणजे नाई लागत." झालं. एवढंच शास्त्र.

बरं, पोळ्याच्या दिवशी त्याच नांगराला हळदकुंकू लावायचं काम कुणाचं? माझंच. हळदकुंकवाचं बोट चालतं, पण मूठ चालत नाही. आता हसू येतं. तेव्हा मी मुकाट्यानं बोट लावून मोकळी व्हायची.

धानाची शेती ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आधी एका कोपऱ्यात पऱ्हे टाकायचे, म्हणजे धानाची रोपं तयार करायची. ती तीन-चार आठवड्यांची झाली की बांधीत पाणी अडवून चिखल करायचा. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचे धुरे घातलेला शेताचा तुकडा. मग त्या चिखलात एकेक रोप रोवायचं. यातलं पऱ्हे उपटणं बाईचं, जुड्या बांधणं बाईचं, कमरेत वाकून मागं मागं सरकत दिवसभर रोवणं बाईचं, निंदणं बाईचं, कापणं बाईचं. पुरुषाचं काय? चिखलणी. दोन-तीन दिवसांचं काम. पण शेतकरी कोण, ते त्या दोन-तीन दिवसांवर ठरतं. चिखल करतो तो शेतकरी आणि बाकीच्या सगळ्या हाताखालच्या. मी बावीस पावसाळे गुडघाभर चिखलात काढले, पण मला कुणी शेतकरी म्हटलं नाही. शेतकऱ्याची बायको म्हणत.

दुसरा नियम भासऱ्यांचा. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, खाटेवर बसायचं नाही, ते खाली असले तर आपण उंचावर राहायचं नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही. तेही माझ्याशी बोलत नसत. आमची घरं वेगळी, आंगण एकच. काही सांगायचं असलं की सासूबाईंना सांगत, "आई, सांग तिले." सासूबाई घरात नसल्या की भिंतीला सांगत. एकदा भिंतही लांब होती, म्हणून माझ्यादेखत म्हशीला सांगितलं, "म्हणावं, ट्रॅक्टरची चाबी पाहिजे." मी चाबी आणून म्हशीच्या पाठीवर ठेवली. खोटं नाही सांगत, खरंच ठेवली. माझा नवरा दोन दिवस हसत होता.

तो हसराच माणूस होता. दोन वर्षांपूर्वी आठवड्याभराच्या तापानं गेला. त्याच्याबद्दल इथं फार लिहीत नाही. लिहायला बसले की रडायला येतं, आणि मला आज रडायचं नाही, भांडायचं आहे.

त्याच्यामागं उरलं तीन एकर वावर, एक जुना ट्रॅक्टर, सासूबाई, गोंदियाला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकणारी लेक आणि मी. सातबारावर आम्हा तिघींची नावं चढली. पहिल्या साली भाड्यानं ड्रायव्हर लावून चिखलणी निभावली. गेल्या साली मात्र पऱ्हे टाकून झाले आणि ड्रायव्हरच मिळेना. एकाची कंबर धरली. दुसऱ्याला म्हणे साळीच्या लग्नाला जायचं होतं. भर पावसाळ्यात कसलं लग्न लागून राहिलं, बाप्पा! तिसऱ्याला मी चौकात गाठलं तेव्हा त्यानं मान खाली घालून खरं काय ते सांगितलं, "वहिनी, तुमच्या भासऱ्यांनी मना केलं."

त्याच दिवशी भासरे आंगणात आले. मी दाराच्या आत उभी. ते सासूबाईंना म्हणाले, "आई, सांग तिले. बाईमाणसाच्यानं वावर वाहणं होत नाई. मले ठेक्यानं दे म्हणावं. दहा सालचा कागद करून आणतो, तिनं फक्त सही करावी. ट्रॅक्टरबी मंग माझ्याकडंच राहील. नाई तरी उभ्या उभ्या गंजून राहिला."

दहा साल! दहा वर्षांत लेक आपल्या घरी जाईल, सासूबाई असतील-नसतील, मी पन्नाशी ओलांडलेली असेन. आणि वावर? ज्यानं दहा वर्षं वाहिलं त्याचंच ते होऊन बसेल. मग मी सातबारा दाखवत तहसीलचे उंबरठे झिजवायचे. मी आतून मोठ्यानं म्हटलं, "आई, मी विचार करते म्हणा." माझ्या तोंडून एवढंच निघालं. स्वतःचाच राग आला. विचार कसला करायचा होता?

पण भासऱ्यांना घाई नव्हतीच. पऱ्हे पंचवीस दिवसांचे झाले होते. आणखी दहा-बारा दिवस गेले की ते जुने होतात, त्यांना गाठी येतात, मग रोवून काही पिकत नाही. त्यांना भांडायची गरज नव्हती, आवाज चढवायचीही नव्हती. नुसतं बसून राहायचं होतं, सही आपोआप झाली असती. हे लक्षात आलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ट्रॅक्टर मला थोडासा यायचा. नवऱ्यानंच शिकवला होता, पण आंगणाच्या आत. ट्रॉली खळ्याला लावायची, मागं घ्यायची, पुढं घ्यायची, एवढंच. रिव्हर्स तर मला त्याच्यापेक्षा बरा जमायचा, हे तो स्वतः चारचौघांत सांगायचा. आंगणात चालवलं तर पावसाला काही वाटत नसे. पाऊस फक्त बांधीत चालवण्यावर रुसत असावा.

सकाळी मी सासूबाईंना सांगितलं की चिखलणी मी करणार. त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं. "नांगराले हात लावशील तू?"

"ट्रॅक्टर नांगर नाई, आई."

"अन् त्याच्या मागं लावतेस ते काय हाये? पाळणा?"

 पुढं तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढलं की जेवायच्या, ताट उचलायच्या, जाऊन ओसरीत बसायच्या. मला त्यांच्या बोलण्यापेक्षा ते गप्प राहणंच जड गेलं. पण मी पाय मागं घेतला नाही.

ट्रॅक्टरची केजव्हील मोडलेली होती. चिखलात चाक रुतू नये म्हणून लोखंडी पट्ट्यांची जी मोठी चाकं लावतात ती. मालवाहू ऑटोत टाकून मी ती गोंदियाला नेली, फुलचूरच्या रस्त्यावर एका मिस्त्रीकडं. त्यानं पट्ट्या पाहिल्या, मग माझ्याकडं पाहिलं. "भाभीजी, ड्रायवर को भेज देते. फिटिंग समझा देता उसको."

"ड्रायवर ही आई है," मी म्हटलं.

त्यानं माझ्या मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मग भला माणूस हसला, आणि हसून झाल्यावर पान्याला पाईप लावून नट कसे आवळायचे ते मला दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा माझ्याकडून करवून घेतलं. परत येताना मला फार बरं वाटत होतं. कुणीतरी मला काहीतरी शिकवलं होतं, आणि शिकवताना नाक मुरडलं नव्हतं.

रोवणीला आमच्याकडं तलावापलीकडच्या गावातून बायांची टोळी येते. वीस-बावीस बाया. टोळीच्या म्होरकीला सगळे मावशी म्हणतात. साठीची, काटक, गालात कायम तंबाखूचा खर्रा. तिला निरोप धाडला तर ती स्वतःच आली. म्हणाली, "चिखल कोण करून राहिलं?"

"मी."

 ती बाजूला थुंकली आणि म्हणाली, "मंग मी लवकर येते. पाहाले."

ठरल्या दिवशी मी सकाळी सातला ट्रॅक्टर बांधीत घातला. उघाड होती, तिरोड्याच्या बाजूला वीजकेंद्राच्या चिमण्या स्वच्छ दिसत होत्या.  क्लच घाईनं सोडला, म्हणून ट्रॅक्टर दोनदा गचकून बंद पडला. धुऱ्यावर बायांची टोळी जुड्या घेऊन बसलेली.  तिसऱ्यांदा चालू केला आणि गेला. पाणी दोन्ही बाजूंनी उडालं, मागं काळा चिखल उलटत आला, आणि कुठून कुठून आलेले बगळे मागोमाग चालायला लागले. बगळ्यांना बाई आणि पुरुष यातलं काही कळत नव्हतं.

पहिली बांधी झाली. दुसरी झाली. वळताना धुरा थोडा फुटला, तो मावशीनं हातानं लिंपला. फळीची पाटी मारून चिखल सपाट केला आणि बायांनी पहिल्या बांधीत रोवणी सुरूही केली. मला इतका आनंद झाला की उतरून नाचावंसं वाटलं. एवढंसं काम! याच्यासाठी बावीस वर्षं मला खाली उभं ठेवलं?

आणि तिसऱ्या बांधीत मी माती खाल्ली.

त्या बांधीच्या खालच्या कोपऱ्यात पूर्वी एक बोडी होती, म्हणजे शेतातलं छोटं तळं. सासऱ्यांनी ती बुजवून बांधीत घेतली. वरून सपाट दिसतं, पण खाली तळ नाही. दर साली रोवताना त्या कोपऱ्यात मी मांडीपर्यंत रुतायची. आम्ही बाया तिथं कधी सरळ जात नसू, कडेनं उभं राहून हात लांब करून रोवायचो. माझ्या पायांना तो कोपरा तोंडपाठ होता. पण त्या दिवशी मी पायांवर नव्हतेच, सीटवर होते. वरून पाहिलं तर सगळीकडं सारखंच पाणी. मी पुरुषासारखं पाहिलं आणि सरळ घातला. बावीस वर्षांचं ज्ञान असं एका सीटवर बसल्यानं विसरायला होतं, याची मला आजही लाज वाटते.

ट्रॅक्टर एका अंगाला कलला आणि बसला. मी रेस दिली तसा आणखी बसला. आसापर्यंत गेला. इंजिन बंद केलं तर सगळीकडं शांत झालं, आणि त्या शांततेत धुऱ्यावर कुणीतरी खी खी करून हसलं.

दहा मिनिटांत अर्धं गाव जमलं. गावाला कामाच्या दिवसांत इतका वेळ कुठून मिळतो देव जाणे. एक म्हणाला, "आता पाऊस जाते पाह." दुसरा म्हणाला, "पाऊस राहू दे, आधी ट्रॅक्टर गेला." हशा पिकला. मी सीटवरच बसून होते, कारण उतरले असते तर मांडीपर्यंत रुतले असते आणि ते आणखी हसले असते. सासूबाईही आलेल्या दिसल्या. सगळ्यांच्या मागं, डोक्यावर पदर घेऊन उभ्या.

मग भासरे आले. स्वतःचा ट्रॅक्टर घेऊनच आले, दोर बांधून. म्हणजे त्यांना खात्रीच होती. धुऱ्यावर थांबले, खाली उतरले आणि माझ्याकडं न पाहता आईला म्हणाले, "आई, सांग तिले. मी काढून देतो. पाच मिनिटांचं काम हाये. पण मंग यंदापासून वावर मी वाहतो. कागद खिशातच हाये. सगळ्यायसमोर हो म्हणावं."

 सगळे माझ्याकडं पाहायला लागले.

मी खरं सांगते, मला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. ऊन तापलं होतं, हात चिखलानं आणि ग्रीसनं भरलेले, वीस बाया रोवणी थांबवून धुऱ्यावर बसलेल्या, आणि सगळं गाव माझ्या फजितीला हसून राहिलेलं. हो म्हटलं असतं तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं. पण त्यांनी कागद खिशात घालून आणला होता. मी फसायची वाट पाहत तो माणूस घरी बसला होता, कागद खिशात घालून. माझं डोकंच फिरलं.

बोलायला तोंड उघडलं आणि एक अडचण लक्षात आली. या माणसाला हाक काय मारायची? बावीस वर्षं एका आंगणात राहून त्यांना हाक मारायचा शब्दच मला कुणी दिला नव्हता. नणंद त्यांना दादा म्हणते, जाऊ 'इकडून' म्हणते, मी काहीच म्हणत नव्हते.

"ऐका जी," मी म्हटलं.

भासरे दचकले. खरोखर एक पाऊल मागं गेले. मी उंचावर बसलेली, ते खाली उभे. डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर आला होता आणि माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी तो उचलला नाही.

"जे सांगायचं ते मले सांगा. आई मधात कायले? वावर माझं हाये, फसला तो ट्रॅक्टर माझा हाये, अन् कानबी मलेच हायेत. कागद मी करून देत नाई. दहा सालचा नाई, एका दिवसाचा नाई. तुमचा दोरबी मले नाई पाहिजे. तुमच्या भावानं हे वावर तुमच्या खिशात घालाले नव्हतं ठेवलं."

आवाज फाटला शेवटी, पण वाक्य पुरं झालं.

गावातले एक वयस्क गृहस्थ पुढं आले. म्हणाले, "हे बरं नाई. बाईनं उंच बसून भासऱ्याशी बोलावं, नांगर धरावा, अशी आपल्या गावाची रीत नाई."

त्यावर मावशी उठली. कमरेवर हात ठेवून ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "रीत ना? बरं. चिखल माणसाचा अन् रोवणी बाईची, हेच ना रीत? मंग बाईनं चिखल नाई करायचा असन तर माणसानं रोवाले शिका. आम्ही आजपासून या गावात कोणाच्याच बांधीत पाय घालत नाई. तुमचे पऱ्हे किती दिवसांचे झाले, भाऊ? अन् तुमचे? या, मी दाखवते, वाकायचं कसं ते."

टोळीतल्या बाया आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्या खरंच उठून उभ्या राहिल्या होत्या. पुरुषांच्या तोंडचं पाणी पळालं. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपापले पऱ्हे उभे राहिले असणार. त्या मोसमात दुसरी टोळी कुठून आणणार? आणि स्वतः रोवणार? गावातल्या एकाही पुरुषाला ते येत नाही. शिकणं कमीपणाचं वाटलं, म्हणून कधी शिकलेच नाहीत. ते गृहस्थ घसा खाकरून मागं सरकले.

पण एवढ्यानं ट्रॅक्टर निघणार नव्हता. आणि सासूबाई तिथं नव्हत्या. मी भासऱ्यांना बोलले तेव्हाच त्या पाठ फिरवून घराकडं निघून गेल्या होत्या, मी वरून पाहिलं होतं.  मी मनात म्हटलं, गेल्या. आता सांजेला घरात पाय ठेवू देतात की नाही, तेही माहीत नाही. सातबारावर त्यांचंही नाव होतं. त्यांनी थोरल्या लेकाची बाजू घेतली असती तर माझं सगळं बोलणं वाऱ्यावर गेलं असतं.

मावशीनं बायांना कामाला लावलं. त्या मांड्यांपर्यंत चिखलात उतरल्या, चाकांपुढचा आणि मागचा गाळ हातांनी, टोपल्यांनी उपसला, खाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलं, बांबू घातले. मी रिव्हर्स टाकला. चाक फिरलं, तणस गिळलं, बांबू मोडले, ट्रॅक्टर तिथंच. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मावशी म्हणाली, "चाकाले आडवं लाकूड बांधाले पाहिजे. लांब अन् जुनं. चाक त्याच्यावर चढन." पण असलं लाकूड बांधीत कुठून आणायचं? भासरे आपल्या ट्रॅक्टरला टेकून उभे होते. त्यांनी विडी पेटवली.

तेवढ्यात मागं गलका झाला. लोक बाजूला होत होते. सासूबाई येत होत्या, माझ्या जावेसोबत, आणि दोघींच्या खांद्यांवर आडवा सासऱ्यांचा नांगर.

 ज्या बाईनं मला त्या नांगराजवळ खराटा नेऊ दिला नव्हता तिनं तो दोन्ही हातांनी धरला होता. तिच्यासोबत ती जाऊ म्हणजे भासऱ्यांचीच बायको. तिनं नवऱ्याकडं पाहिलंच नाही. सासूबाईंनी नांगर धुऱ्यावर टाकला आणि मला म्हणाल्या, तीन दिवसांनी पहिल्यांदा म्हणाल्या, "साजाचं लाकूड हाये, टणक. यानं होते का पाह."

भासऱ्यांच्या हातातली विडी तशीच राहिली. "आई! बाबांचा नांगर हाये तो!"

"माहीत हाये कोणाचा हाये," सासूबाई म्हणाल्या. "मी दोन लेकं जन्माले घातले. एकानं दुसऱ्याचं खाल्लेलं मले पाहायचं नाई. हो बाजूला."

मला तेव्हा रडू कोसळलं. सगळ्यांसमोर, सीटवर बसून, मी हमसून हमसून रडले. मावशी खालून ओरडली, "रडशील मंग! आधी दांडा बांधू दे!"

नांगराचा लांब दांडा बायांनी साखळीनं दोन्ही चाकांना मागच्या अंगानं आडवा बांधला. मी डोळे पुसले आणि रिव्हर्स टाकला. हळूहळू क्लच सोडला. चाक फिरलं, दांडा खाली गेला, ट्रॅक्टर वर उचलला गेला आणि कडाड आवाज झाला. दांडा मधोमध मोडला. पण तोवर चाकं घट्ट चिखलावर आली होती. ट्रॅक्टर मागं आला, तसाच मागं मागं येत धुऱ्याशी येऊन थांबला. बायांनी जो आरडाओरडा केला तो पार गावात ऐकू गेला असेल.

सासूबाई वाकून दांड्याचे दोन तुकडे पाहत होत्या. मी खाली उतरून त्यांच्याजवळ गेले.  "मोडला, आई," मी म्हटलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "चुलीले होईल."

त्या दिवशी पाऊस गेला नाही. उलट दुपारून असा आला की उरलेला चिखल मी भिजत भिजत केला. ते मुद्दाम लिहून ठेवते.

रोवणी दोन दिवस चालली. दुसऱ्या दिवशी दुपारी, शेवटच्या बांधीत चार-पाच ओळी राहिल्या असताना भासरे धुऱ्यावर आले. सासूबाई घरी होत्या. ते थोडा वेळ पायानं माती उकरत राहिले. मग माझ्याकडं पाहून, सरळ माझ्याकडं, म्हणाले, "उद्या माझ्या बांधीत बाया येतील का?"

बावीस वर्षांत माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. मोठेपणा दाखवून मी काहीच वाटलं नाही असं लिहू शकते, पण खोटं कशाला लिहू? फार गोड वाटलं. "मावशीले विचारा जी," मी म्हटलं. "टोळी तिची हाये."

मावशी वाकलेलीच होती. मान वर न करता म्हणाली, "येऊ ना. पण उद्या नाई. उद्या आमचं दुसरीकडं हाये."

ते गेले. आणि मग मला एक गोष्ट दिसली ती माझ्या डोक्यात गेली. धुऱ्याच्या आडोशाला पऱ्ह्यांच्या पंचवीस-तीस जुड्या ओल्या पोत्याखाली नीट झाकून ठेवलेल्या होत्या. पऱ्हे मी जरा जास्तच टाकले होते, उरणारच होते. पण मला न विचारता बाजूला काढायचे? दोन दिवस माझ्यासोबत उभी राहिलेली बाई, आणि असं करावं? माझा स्वभाव असा, मनात ठेवता येत नाही. "मावशी, ह्या कोणासाठी काढून ठेवल्या? मले विचारलं का?"

 मावशीनं हात धुतले. चिडली नाही. "चाल," म्हणाली.

आम्ही दोघी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, तिच्या गावाच्या शिवारात गेलो. पंधरा-वीस मिनिटांची वाट. ती एका बांधीपाशी थांबली. बांधीत पाणी भरलेलं, पण चिखल झालेला नव्हता, गवत तसंच उभं.

"कोणाची?" मी विचारलं.

"माझी," मावशी म्हणाली.

मला काही कळेना. मी तर तिला बिनवावराची समजत होते.

"नवरा मेला तेव्हा चिखल कराले कोणी नव्हतं," ती म्हणाली. "लेकरं लहान. दीर म्हणाला, एका सालापुरतं दे, मी वाहतो. देली. नऊ साल झाले. सातबारा अजून माझ्याच नावाचा हाये, पेटीत ठेवला हाये. दर साली तो सगळ्यात शेवटी इथं चिखल करते अन् मलेच रोवाले बोलावते. रोजीनं. माझ्याच बांधीत मी रोजीनं रोवते वं."

ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती. रडत मीच होते, रागानं. नऊ वर्षं!

"तुझे पऱ्हे उरतीन असं दिसलं, म्हणून ठेवले," ती म्हणाली. "विचाराले पाहिजे होतं, चुकलं माझं. तोंड नाई उघडलं. परवा तो चिखल करन इथं. उद्या सकाळी त्याच्या आधी तू ट्रॅक्टर आणशील का?"

सूर्य बराच वर होता. ट्रॅक्टरची केजव्हील मी अजून काढलेली नव्हती. टाकीत डिझेल होतं. पाळीच्या खालून वावरावावरातून आणला तर अर्ध्या तासाची वाट.

"उद्या कायले, मावशी?" मी म्हटलं. "आत्ताच आणते. बायांना सांग, घरी जाऊ नका."